वापर नाही, तर खर्च नाही

अंधेरीच्या एका गीझर कंपनीने मला फसवलं आणि मी उमेळ्याच्या राऊत कुटुंबाला फसवलं. कंपनीने पहिल्यापासून जाणूनबुजून फसवलं. मी आधी अजाणता फसवलं आणि नंतर जाणून. कंपनीचं नाव मी लिहून दिलं होतं, संपादकांनी ते खोडलं. कोर्टाचं लचांड नको म्हणाले. मग मी निदान एजंटाचं आडनाव राहू द्या म्हणून हटून बसलो. साळवी आडनावाची माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. ज्याला लागायचं त्याला लागेल.

मी नायगावच्या खाडीकाठचा. घरची भातशेती, शाळा सातवीत सुटली. वसईला माणिकपूर नाक्यावर मी मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे दोन पाने, एक टेस्टर आणि सासऱ्यांनी दिलेलं टेबल होतं. वसईच्या वाड्यांतून विहिरींवर पंप बसू लागले होते. खारं पाणी आणि कमी-जास्त होणारी वीज, यामुळे मोटरी जळायच्या आणि माझी चूल पेटायची. मी भांडकुदळ आहे हे मला ठाऊक आहे. तांब्याची तार घेताना मी व्यापाऱ्याशी असा भांडायचो की बाजूच्या सलूनमधली गिऱ्हाइकं अर्धी दाढी ठेवून बघायला यायची. पण गिऱ्हाइकाची मोटर मी कधी अर्धवट बांधून दिली नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी गीझर विकायला लागलो. तोवर आमच्याकडे आंघोळीचं पाणी बंबात तापे. हल्लीच्या मुलांनी बंब शोभेला ठेवलेलाच पाहिला असेल, म्हणून सांगतो. तांब्याची उंच टाकी, तिच्या मधोमध नळकांडं. नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. वाडीवाल्यांना जळणाची ददात नव्हती. नारळाची सोडणं, करवंट्या, सुकलेल्या झावळ्या, सगळं दारातलं. राऊतांकडे तर बंब कधी थंड पडू देत नसत. ती त्या घराची शिस्तच होती. दुपारी कोणी वापरत नसलं तरी आत एखादं सोडण राखेखाली धुमसत ठेवायचं. पुरुष वाडीतून चिखलाने भरून कधी येतील याचा नेम नाही. कोणी मैतावरून आला तर त्याला पाणी तापेपर्यंत अंगणात ताटकळत ठेवायचं नाही. थोरल्या सूनबाई, इंदूवयनी, लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासूने त्यांना देव दाखवले आणि मग बंब दाखवला, असं त्या हसून सांगत. त्या बंबाच्या धुमसण्याचा घराला छदामही पडत नव्हता.

गीझर म्हणजे टाकीच्या आत टाकी. आतल्या टाकीत पाणी आणि ते तापवणारा एलिमेंट. बाहेर पत्र्याचं कवच. दोन्हींच्या मध्ये ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, दाबून भरायची असते. चहाच्या थर्मासाचं तत्त्व. पाणी पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. पुढे लोकर जेवढी चांगली, तेवढं पाणी जास्त वेळ गरम राहतं. ते थोडं निवलं की थर्मोस्टॅट पुन्हा वीज जोडतो. म्हणजे तुम्ही एक तांब्याही पाणी घेतलं नाहीत तरी गीझर अधूनमधून वीज खातोच. लोकर चांगली असेल तर थोडी खातो. लोकर नसेल तर तो दिवसभर भिंती तापवत बसतो.

हे आज मी मास्तरासारखं सांगतोय. तेव्हा माझ्या दुकानात रंगाऱ्याकडून करून घेतलेली पाटी होती: "वापर नाही, तर खर्च नाही." वाक्य साळवींचं. थर्मोस्टॅट आपोआप वीज तोडतो, मग खर्च कसला, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी ते शंभर जणांना सांगितलं. कानाला गोड लागणारं वाक्य माणूस तपासून बघत नाही.

साळवी गृहस्थ दिसायला सज्जन, सफारी घालणारे, बॅगेत कंपनीची रंगीत पत्रकं. पहिल्या सौद्याला ते माझ्या दुकानात तीन तास बसले होते.

"जनूशेठ, याच्या खाली परवडत नाही," ते म्हणाले.

"मग जा. बस समोरून सुटते."

"अहो, कंपनीचं नाव बघा."

"नावात पाणी तापतं का?"

ते उठले, बॅग घेतली, पायरीपर्यंत गेले. मी वर पाहिलं नाही. ते परत आले. असं तीनदा झालं. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "तुम्ही माणूस आहात की कानस? घासून घासून माणूस संपवता."

मला ते बक्षिसासारखं वाटलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं घासल्यावर त्याच्याकडे उरलं काय?" मी म्हणालो, "ते त्याने बघायचं." पुढल्या प्रत्येक मालाला मी भाव आणखी पाडला, आणि प्रत्येक वेळी साळवी आधी रडले आणि मग हो म्हणाले. माल घेताना मी काही आंधळा नव्हतो. प्रत्येक खेपेला एक गीझर उघडायचो. समोर एक गोल झाकण असतं, त्यामागे थर्मोस्टॅट आणि वायरी. झाकण काढलं की भोवती पांढरीशुभ्र लोकर दिसायची. बोटाने दाबून बघायचो. गच्च भरलेली. झाकण लावायचो आणि पावती फाडायचो.

राऊतांकडे गीझर बसवला तेव्हा त्या घरात दोन चुली होत्या. पुढच्या भागात थोरला भाऊ दामोदर आणि इंदूवयनी, मागच्या भागात धाकटा वसंत, त्याची बायको आणि तान्ही मुलगी. वाडी एक, विहीर एक, न्हाणी एक आणि मीटर एक. बिल निम्मं-निम्मं. दामूभाऊ पानवेल आणि केळी बघायचा. वसंत त्याला हात द्यायचा आणि उरलेल्या वेळात मागच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करायचा. अख्ख्या उमेळ्याचे रेडिओ त्याच्याकडे. दामूभाऊला त्याचं कौतुक होतं. "आमच्या वसंताने मुका रेडिओ बोलता केला," असं तो बाजारात पान विकताना सांगायचा.

तो जुना बंब मी मोडीत घेतला आणि तेवढी रक्कम गीझरच्या किमतीतून कमी केली. इंदूवयनी बंबावरून हात फिरवत म्हणाल्या, "जनूभाऊ, तुमच्या डब्यात पाणी सदा तयार राहील ना? आमच्याकडे थंड पडलेलं चालत नाही."

"बटण चालूच ठेवा, वयनी. वापर नाही, तर खर्च नाही."

त्यांनी ते शब्दशः पाळलं. बंब जसा अखंड धुमसत ठेवायचा, तसं बटण अखंड चालू. मुंबईच्या चाळीतला माणूस आंघोळ झाली की बटण बंद करतो, कारण त्याला बंबाची शिस्त माहीत नाही. आमच्या वाडीवाल्यांना ती रक्तात होती. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी घरांत बटणावर चिकटपट्टी लावलेली मी पुढे पाहिली, कोणी चुकून बंद करू नये म्हणून.

त्या पावसाळ्यात कळंबला एका बंगलीवर पंप बघायला गेलो होतो. बंगली मुंबईच्या एका डॉक्टरांची, ते येणार हिवाळ्यात. राखणदार भास्कर एकटाच. न्हाणीत गेलो तर मी विकलेला गीझर आडवा टांगलेला आणि त्याच्या पाठीवर ओळीने बोंबील पसरलेले.

"हे काय रे?"

"शेठ, पावसात ऊन कुठून आनू?" भास्कर म्हणाला. "तुमचा डबा बेस गरम राहतो. दोन दिवसात बोंबील कडक."

"आणि आंघोळ?"

"मी विहिरीवर करतो. गरम पानी कोनाला पायजे?"

मी पोट धरून हसलो. ही गोष्ट मी दिवाळीपर्यंत दुकानात प्रत्येकाला सांगितली. ज्या डब्यातलं पाणी कोणी घेत नाही त्याच्या पाठीवर मासे वाळतात, म्हणजे आतली ऊब बाहेर येते, म्हणजे वीज वाया जाते, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. सातवी शिकलेला असलो तरी मोटर उघडल्याबरोबर कुठली कॉइल जळली ते मी वासावरून सांगायचो. इथे नाकासमोर बोंबील होते.

गणपती झाले आणि दामूभाऊने मला बोलावणं धाडलं. गीझर आल्यापासून बिल दरवेळी वाढत होतं, आणि आताचं तर भलतंच आलं होतं. अंगणात खाट टाकलेली, शेजारचे दोघे-तिघे बसलेले. मला वाटलं गीझरबद्दल तक्रार असेल, म्हणून मी आधीच तोंड तयार ठेवून गेलो होतो. पण तक्रार गीझरची नव्हती.

"जनूभाऊ, तुम्ही जाणकार," इंदूवयनी म्हणाल्या. "एवढी वीज जाते कुठे ते सांगा. आमच्याकडे तीन दिवे आणि एक पंखा. मागे काय चालतं ते आम्हाला दिसत नाही."

वसंत दारात उभा होता, कडेवर मुलगी. तो शांतपणे म्हणाला, "माझी कातरी, मल्टिमीटर आणि एक पकड. विजेवर चालणारं एकच, डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न. तो बल्बाएवढा खातो. दादा, मी दहादा सांगितलं, गीझर बघा."

दामूभाऊ माझ्याकडे बघत होता. मी सांगेन ते तो मानणार होता. त्याला खरं तर हेच ऐकायचं होतं की भावाकडे काही चूक नाही. ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही.

मी न्हाणीत गेलो. मीटर पाहिला, बटण पाहिलं, थर्मोस्टॅट वीज तोडतो की नाही ते तपासलं. बरोबर तोडत होता. मग गीझरच्या झाकणावर तळवा ठेवला.

"गार आहे. या, कोणीही हात लावा."

वसंत म्हणाला, "पुढून नको, जनूदादा. वर चढून मागून हात लावा. मी लावलाय."

आता इथे मी थांबतो, कारण सगळं इथेच आहे. न्हाणीत स्टूल होतं. दोन पायऱ्यांचं. मी त्याच्यावर चढलो असतो तर पुढची सगळी वर्षं वेगळी झाली असती. पण चार माणसांसमोर, गल्लीतले रेडिओ उघडणारा माणूस मला माझी वस्तू कशी तपासायची ते शिकवत होता. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"तू कंपनीत होतास का रे? मी पंधरा वर्षं विजेचं काम करतोय."

"मग महिनाभर बंद ठेवून बघू. वयनी, एक महिना. मीटर सांगेल."

"आणि पाणी?" इंदूवयनी म्हणाल्या. "बंब तर दिला मोडीत." मग माझ्याकडे वळून, "बंब परत मिळेल का, महिन्यापुरता?"

बंब मी आठवड्याच्या आत तांबटाला वजनावर विकला होता. तो वितळून त्याची भांडीही झाली असतील.

मी म्हणालो, "बंबाची गरजच नाही. गीझर वापरला तेवढाच खातो. पाच माणसांच्या आंघोळी धरा आणि त्याच्या वर जे काही आहे, ते दुसरीकडे जातंय. कुठे, ते मी कशाला सांगू? घर तुमचं."

वसंताने मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली. दामूभाऊने खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "वसंता, काही लावत असशील तर सांग. मी बिल भरीन. पण चोरून नको."

"चोरून?" वसंत म्हणाला. एवढंच. तो आत गेला आणि दार लावलं. माझ्यासाठी चहा आला होता, तो मी पिऊन निघालो.

दिवाळीच्या आधी वसंत बिऱ्हाड घेऊन विरारला गेला. जाताना त्याने रेडिओचं सामान अंगणात मांडलं आणि दामूभाऊला म्हणाला, "बघून घे, यात हीटर नाही." दामूभाऊने बघितलं नाही, तोंड फिरवलं. हे मला शेजाऱ्याने सांगितलं.

त्यानंतर पंधरवड्यात माझ्या दुकानात इनाससर आले. मिशनच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर, पापडीला राहायचे. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान.

"जनार्दन, मी मुलीकडे पुण्याला गेलो होतो. घराला कुलूप. तू सांगितलंस म्हणून गीझर चालू ठेवला होता."

"बरोबर केलंत, सर."

"जाताना मीटरचा आकडा लिहिला, आल्यावर लिहिला. ही वजाबाकी. आता मला सांग, घरात कोणी नव्हतं, मग आंघोळ कोणी केली?"

मी आवाज चढवला. मीटर खराब असेल, वायर गळत असेल, शेजारी आकडा टाकत असेल. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंचे फ्यूज मी काढून गेलो होतो. तू चल, उघड."

त्यांच्या न्हाणीत मी गीझर भिंतीवरून उतरवला आणि पहिल्यांदा पुढचं झाकण न काढता मागचा पत्रा कापला. झाकणाच्या भोवती, हात जाईल तेवढ्या भागात, लोकर गच्च भरलेली होती. त्याच्यापलीकडे काहीही नव्हतं. टाकी आणि पत्रा, मध्ये मोकळी जागा, आणि टाकी हलू नये म्हणून चार ठिकाणी घातलेले पुठ्ठ्याचे तुकडे. सर चष्मा वर करून आत बघत होते.

"तुझ्या बोटाची लांबी त्यांनी बरोबर मोजली होती," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी अंधेरीला गेलो. साळवींची गचांडी धरायची असं ठरवूनच गेलो होतो आणि धरलीही. कारकून मध्ये पडले. साळवी कॉलर सारखी करत म्हणाले, "पहिल्या खेपेचे गीझर काढून बघा. त्यात पूर्ण लोकर आहे. तुम्ही दरवेळी भाव पाडलात. त्या भावात जे बसतं ते तुम्हाला दिलं. पाणी तापतं ना? मग?"

आयुष्यात पहिल्यांदा मला सौद्यात उत्तर सुचलं नाही. मी जिंकलेला प्रत्येक रुपया त्यांनी लोकरीतून काढून घेतला होता, आणि तो गिऱ्हाइकांच्या मीटरमधून जात होता. पहिल्या खेपेचा एक गीझर मी नंतर खरोखर उघडला. त्यात पूर्ण लोकर होती.

त्यानंतर मी जे केलं त्याला काही जण प्रामाणिकपणा म्हणतील. मी बाजारातून ग्लासवूलची भेंडोळी आणली आणि विकलेले गीझर एकेक करून भरून दिले. कोणाकडून पैसा घेतला नाही. लोकर अंगाला चावते, आठवडेच्या आठवडे माझे हात खाजून लाल. पण गिऱ्हाइकांना मी सांगितलं ते असं: "वार्षिक सर्व्हिसिंग, आपल्याकडून फुकट." लोक माझे आभार मानत होते. त्या वेळी स्टेशनजवळ नवी इमारत उठत होती आणि तिच्या सगळ्या खोल्यांच्या गीझरचं काम माझ्याशी जवळपास ठरलं होतं. आधीचा माल पोकळ होता हे बाहेर पडलं असतं तर ते काम गेलं असतं. शिवाय मनात एकच घोकत होतो: फसवला गेलो मी, मग शिव्या मी का खायच्या?

राऊतांचा गीझरही मी भरला. वसंत जाऊन महिनाही झाला नव्हता. इंदूवयनींनी मला पोहे दिले.

पुढचं बिल आलं तेव्हा मी मुद्दाम उमेळ्याला गेलो. खरं सांगायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. दामूभाऊ ओसरीवर पानांच्या कवळ्या बांधत बसला होता. त्याने बिल माझ्या पुढ्यात टाकलं. निम्म्याच्याही खाली आलं होतं.

"बघा," तो म्हणाला. "तो गेला आणि बिल उतरलं. मी अजून मनात म्हणत होतो, नसेल, नसेल. आता काय म्हणू?"

लोकर भरून मी चूक दुरुस्त केली नव्हती, वसंताविरुद्ध पुरावा तयार करून दिला होता. हे मला तिथेच, त्या क्षणी समजलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं: दामूभाऊ, गीझर पोकळ होता, मी गेल्या महिन्यात भरला. मी ते वाक्य तोंडात आणलं. तेवढ्यात त्याने डोळे पुसले, आणि मी म्हणालो, "जाऊ द्या, तरुण माणूस आहे."

म्हणजे मी वसंताला माफही करून टाकलं.

त्यानंतर वाडीची वाटणी झाली. मध्ये भिंत आली. विहीर दामूभाऊच्या बाजूला गेली, आणि पाण्याशिवाय वाडी राखणं वसंताला विरारहून जमेना. त्याने आपला हिस्सा बिल्डरला दिला. नारळ कापले ते दामूभाऊला ओसरीवरून दिसत होते. मी त्या वेळी त्या बिल्डरच्या इमारतीचं वायरिंगचं काम घेतलं नाही. एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त, आणि ते कोणालाच कळलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दामूभाऊ छातीच्या दुखण्याने गेला. मी मैताला होतो. वसंत आला, भावाला खांदा दिला, कोणाशी बोलला नाही. स्मशानातून परत आल्यावर रीतीप्रमाणे सगळे अंगणात थांबले. न्हाणीतून गरम पाण्याच्या बादल्या येत होत्या, गीझर भरलेला होता, त्या घरात पाणी तयार नाही असं कधी झालंच नाही. वसंतापुढे बादली ठेवली. त्याने ती सरकवली, विहिरीवर गेला, स्वतः राहाटाने पाणी काढलं आणि कपड्यांसकट डोक्यावर ओतलं. तीन बादल्या. मग तसाच ओल्याने रस्त्याला लागला.

मी तेराव्यानंतर इंदूवयनींकडे गेलो. बाजारासाठी अबोलीच्या वळेसरी, म्हणजे गजरे, ओवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. लोकर, पुठ्ठे, इनाससर, साळवी, फुकट सर्व्हिसिंग, आणि ओसरीवर दामूभाऊने बिल टाकून डोळे पुसले तो दिवसही. त्यांचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले. मला वाटलं त्या ओरडतील. मी ओरडणाऱ्या माणसांना घाबरत नाही, त्यांच्याशी बोलणं मला जमतं.

"किती वर्षं झाली तुम्हाला कळून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे त्यांनी डोळे पुसलेले तुम्ही बघितलेत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"ते शेवटच्या आठवड्यात वसंताचं नाव घेत होते. मीच म्हटलं, कशाला बोलवता, ज्याने आपल्याला लुटलं त्याला." त्यांनी सुई खाली ठेवली. "जनूभाऊ, तुम्ही मला हे का सांगितलंत? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून? आता हे मी कोणाला सांगू? ज्यांना सांगायला पाहिजे होतं ते गेले."

मी वसंताकडे जाऊन सांगतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या. स्वतः विरारला गेल्या, एकट्या, त्याच्या दुकानात. महिन्याभराने मला बाजारात भेटल्या तेव्हा एवढंच सांगितलं, की वसंताने खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, मी चोर नाही हे मला ठाऊकच होतं. ते मला कळवायला एवढ्या लांब कशाला आलात?"

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. समोर आल्या तर रस्ता बदलत नाहीत, सरळ जातात, जणू मी विजेचा खांब आहे.

दुकान मी मुलाच्या हवाली केलं आहे. तो गिऱ्हाइकांना सांगतो, आंघोळ झाली की बटण बंद करा. मी सौदा करायचा सोडला आहे. भाजीवालीसुद्धा मला ओळखून भाव वाढवून सांगते आणि मी देतो.

माझा भाग मी लिहिला. स्टुलावर चढलो नाही तो मी, बिल हातात असताना गप्प बसलो तो मी. कोणी विचारलं तर हेच शब्द मी उमेळ्याच्या अंगणात उभा राहून पुन्हा म्हणेन.

पण साळवी, तुम्ही बोरिवलीला राहता असं ऐकतो, नातवंडं आहेत म्हणतात. त्या दिवशी कॉलर सारखी करत तुम्ही मला म्हणालात की त्या भावात जे बसतं ते दिलं, आणि मी गप्प झालो. माझं उत्तर मला काही वर्षांनी सुचलं, ते आता ऐका. मी भाव पाडणारा माणूस होतो, मी पाडतच राहणार होतो. नाही म्हणणं तुमच्या हातात होतं. "जनूशेठ, एवढ्यात होत नाही," हे तुम्ही एकदा, एकदाच खरेपणाने म्हणाला असतात आणि बस पकडून निघून गेला असतात, तर मी शिव्या दिल्या असत्या आणि दुसरा माल घेतला असता. त्याऐवजी तुम्ही पायरीवरून परत आलात, हो म्हणालात आणि माझ्या बोटाच्या लांबीएवढी लोकर भरलीत. हे कोणी ठरवलं, तुम्ही की तुमच्या मालकाने? नाव सांगा. मला सांगू नका. उमेळ्याला या आणि इंदूवयनींना सांगा.